उष्टावणीनंतर

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या कपाटात एक फळी आहे. तिला घरात ‘नापासांची फळी’ म्हणतात. हे नाव थोरलीने दिले. ती दुसरीत आहे आणि पास-नापास हे शब्द तिला नुकतेच सापडले आहेत. फळीवर आज किनोआचे अर्धे पाकीट आहे, राजगिऱ्याच्या फुलवलेल्या गोळ्यांचा डबा आहे, केळ्याचा वास येणारी पण केळे नसलेली बिस्किटे आहेत आणि सात धान्यांचे एक पीठ आहे. त्यातली सातही धान्ये अडीच वर्षांच्या धाकट्याने पहिल्याच घासात एकदम नाकारली. या सगळ्या वस्तू बाजारातून पास होऊनच आमच्याकडे आल्या होत्या. पण बाजारातला परीक्षक वेगळा आणि ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर लाळेरे बांधून बसलेला परीक्षक वेगळा.

या परीक्षांची सुरुवात उष्टावणीने झाली. पोथीत या संस्काराचे नाव अन्नप्राशन असे आहे, पण आपल्या भाषेने त्याला दिलेले नाव मला अधिक अचूक वाटते. उष्टे म्हणजे कोणाचे तरी तोंड लागलेले. एरवी आपण ज्याला नाक मुरडतो, तेच करण्यासाठी त्या दिवशी नातेवाईक जमतात, मुलाला मामाच्या मांडीवर बसवतात आणि चांदीच्या वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावतात. धाकट्याने त्या दिवशी खीर मामाच्या नव्या सदऱ्यावर परत केली आणि चमचा मात्र मुठीत गच्च धरून ठेवला. उपस्थित वडीलधाऱ्यांपैकी एकाने हा मुलगा सराफ होणार असे भाकीत केले. मला तेव्हाच कळायला हवे होते की त्याला पदार्थापेक्षा आपल्या हातातली वस्तू अधिक रुचते.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यानंतर घरात दोन पंथ पडले. माझी आई देशावरची. तिचे म्हणणे, तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून भरड काढावी, तिचे जिरे घालून खिमट शिजवावे आणि वर साजूक तुपाची धार सोडावी. सासूबाई गुहागरच्या, त्यांचा विश्वास नाचणीच्या सत्त्वावर. त्या स्वतः येऊन ते करून गेल्या आणि मी सुट्टी असल्यामुळे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. रात्रभर भिजवलेली नाचणी त्यांनी धोतराच्या जुन्या पानात बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरचुंडी सोडली तेव्हा प्रत्येक दाण्याला पांढऱ्या दोऱ्याएवढा मोड आला होता. मग ती पाणी घालून वाटली, मलमलीतून पिळून तिचे दूध काढले आणि ते दूध पातेल्यात झाकून ठेवले. सकाळपर्यंत वर पाणी आणि खाली दाट साका असे दोन थर झाले. पाणी अलगद ओतून टाकून साका ताटलीत पसरून वाळवला. एवढ्या खटाटोपातून निघालेली फिकट करडी पूड जेमतेम एका बरणीत मावली. शिजवताना हात थांबला की गुठळी झालीच. पण नीट ढवळले तर एका क्षणी त्या पांढुरक्या पाण्याला अचानक तकाकी येते आणि चमच्यावरून ते पळीवाढे खाली उतरू लागते. तो क्षण मला इतका आवडला की सत्त्व शिजवण्याचे काम मी आपणहून माझ्याकडे घेतले. धाकट्याने ते दीड महिना आवडीने खाल्ले आणि एका मंगळवारी, काहीही कारण न देता, बंद केले.

मधावरून मात्र घरात शब्दाला शब्द लागला. बाळाला मध चाटवायचा हा आईच्या माहेरचा रिवाज. डॉक्टरांचे म्हणणे, वर्षाच्या आत मधाचा थेंबही नको, कारण मधात कधीकधी असणारे एका जिवाणूचे बीजाणू मोठ्यांच्या पोटात काही करू शकत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. “तुला चाटवला होता, तू आहेसच की धडधाकट,” असे आई म्हणाली. या युक्तिवादाला उत्तर नसते, कारण पुरावा म्हणून आपणच उभे असतो. तरीही तिने बाटली कपाटात ठेवली. पहिल्या वाढदिवसाला औक्षण झाल्याबरोबर तिने मधाचे बोट त्याच्या जिभेवर ठेवले, तेव्हा लक्षात आले की ती वर्षभर दिवस मोजत होती.

दुकानातल्या डब्यांकडे आम्ही जरा उशिराच वळलो. तान्ह्यांच्या तयार अन्नाचा पहिला डबा आणला, तेव्हा त्यावरचे ठळक अक्षरांतले वाक्य वाचून मला हसू आले. आईचे दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम, असे त्यावर लिहिलेले होते. १९९२ च्या कायद्याने हे छापणे सक्तीचे केले आहे आणि दोन वर्षांच्या आतील बालकांच्या अशा अन्नाची जाहिरातही करता येत नाही. आपल्या प्रतिस्पर्ध्याची शिफारस करून मग स्वतःला विकायला उभा राहणारा दुसरा कोणताही माल मी पाहिलेला नाही, आणि खरे सांगायचे तर त्या वाक्यामुळे मला त्या डब्याविषयी थोडा आदरच वाटला.

तो आदर मोठ्या मुलांच्या खाऊविषयी टिकला नाही. एका पुड्यावर नाचणीचे कणीस, हिरवेगार शेत आणि हसरे मूल होते, आणि सासूबाईंचा सगळा खटाटोप आता आयता मिळणार या आनंदात मी तसे चार पुडे आणले. पत्नीने पुडा उलटा केला. वेष्टनावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल आणि मग, बारीक अक्षरांत, जरा ओशाळल्यासारखी, नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते हे खरे. पण त्यासाठी बिस्किटात नाचणी असावी लागते. तेव्हापासून मी दुकानात पुडा हातात घेतला की आधी त्याची पाठ पाहतो. या सवयीमुळे खरेदीला दुप्पट वेळ लागतो आणि थोरली शेजारच्यांना सांगते की बाबा दुकानात बसून अभ्यास करतात. आणलेले चारही पुडे मुलांनी मात्र तीन दिवसांत संपवले. मैदा आणि साखर आमच्या घरी कधीच नापास होत नाहीत.

भांड्यांचे प्रकरण याहून करुण आहे. सिलिकॉनची एक वाटी आणली. तिच्या तळाला रबरी चकती असते, ती मेजाला चिकटते आणि मुलाला वाटी उपडी करता येत नाही, अशी तिची ख्याती. पहिले दोन दिवस त्याने ती ओढून पाहिली. तिसऱ्या दिवशी तो ओढायचे थांबला, मान वाकडी करून वाटीच्या कडेखाली पाहू लागला, आणि तिथे मोठ्यांच्या सोयीसाठी असलेले छोटे शेपूट त्याने दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच उचलले. फुस्स असा आवाज झाला. वाटी सुटली आणि वरणभात शांतपणे जमिनीवर गेला. त्याच्या चेहऱ्यावर खट्याळपणा मुळीच नव्हता. कुलूप दुरुस्त करणाऱ्या माणसाचे गंभीर समाधान होते. उंच खुर्ची घेतली, तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात. चोचीचा प्लास्टिकचा पेला घेतला तेव्हा आईने ट्रंकेतून माझे चांदीचे बोंडले काढून त्याच्या शेजारी ठेवले. एक शिंपल्यासारखे उथळ, पुढे निमुळती चोच असलेले. दुसरे झाकणाचे, दोन कानांचे, पण कल्पना एकच. कमी दिवसांच्या बाळांना रुग्णालयांतही अशाच चोचीच्या भांड्याने दूध पाजतात. त्यामुळे आमच्याकडे नवे ते जुन्याशी भांडत नाही, फक्त दर वेळी जास्त पैसे घेते.

भाज्यांच्या बाबतीत मी अधिक शास्त्रीय होण्याचे ठरवले. लीॲन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी फळे आणि चीजचे प्रकार कमी-अधिक वेळा, काही तर वीस वेळांपर्यंत, चाखायला दिले होते. जे जास्त वेळा चाखले, ते मुलांना जास्त आवडू लागले. पुढे त्यांनी असेही दाखवले की नुसते पाहून भागत नाही, पदार्थ जिभेवर यावा लागतो. हे वाचून मी पडवळ निवडले. पडवळाला शत्रू नाहीत आणि मित्रही नाहीत, त्यामुळे निकाल निःपक्षपाती लागेल असे मला वाटले. दुधाच्या आणि सिलिंडरच्या नोंदी असतात त्याच दिनदर्शिकेवर मी पेन्सिलीने रेघा मारू लागलो. चौथ्या वेळी त्याने पडवळाची चकती बोटात अंगठीसारखी घातली. सातव्या वेळी तिच्या भोकातून आजीकडे पाहिले. दहाव्या वेळी चाटली. तेराव्या वेळी ती चक्क तोंडात गेली, आणि आम्ही चौघे मोठे श्वास रोखून उभे असताना त्याने ती बाहेर काढली, माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाला, “बाबा खा.” मी खाल्ली. शास्त्राचा दोष नाही. वीस होण्याआधी माझाच धीर संपला. शिवाय प्रयोगात मुलांभोवती असा जमाव उभा नसावा.

ज्याची आम्ही नोंद ठेवली नव्हती, ते मग एका रविवारी घडले. तुरीच्या आमटीत शेवग्याच्या शेंगा होत्या. मुलांसाठी मी गर चमच्याने खरवडून वेगळा काढला होता आणि तो भातात बेमालूम कालवलाही होता. धाकट्याने तो भात जिभेने बाहेर ढकलला. शेजारी माझे वडील मांडी घालून जेवत होते. शेंग खाण्याची त्यांची एक जुनी, निवांत पद्धत आहे. तुकडा बोटांनी दुभंगून तो खालच्या दातांवरून ओढायचा, गर आत घ्यायचा, मग सालाचाही रस चोखायचा आणि चोथा ताटाच्या कडेला ओळीने लावायचा. धाकटा बराच वेळ ते पाहत होता. मग तो उठला, आजोबांच्या ताटापाशी उकिडवा बसला आणि त्या ओळीतला पहिला, पूर्ण चोखून संपलेला चोथा उचलून त्याने दातांखाली ओढला. त्यात काहीही उरलेले नव्हते. त्याने तो आजोबांसारखाच परत ओळीत ठेवला आणि दुसरा घेतला. पत्नी पुढे झाली, तोच वडिलांनी न बोलता एक न खाल्लेली शेंग दुभंगून चोथ्यांच्या ओळीत नेऊन ठेवली, जणू तीही उष्टीच होती. ती गेली. मग आणखी एक गेली. हनुवटीवरून ओघळणारी आमटी त्याने, पुन्हा आजोबांसारखीच, मनगटाने पुसली.

तेव्हापासून आमचे धोरण बदलले आहे. त्याला द्यायचे ते आम्ही आधी आमच्या ताटात वाढून घेतो, त्याला थोडे तोंड लावतो आणि त्याच्याकडे पाहत नाही. अळूचे फदफदे असेच पास झाले, मेथीची गोळाभाजीही झाली. पडवळ अजून बाहेर आहे. हा उपाय डॉक्टरांना सांगितलेला नाही.

उरलेले संपवणे हे अर्थात माझे काम राहिले. गेल्या पाच-सहा वर्षांत मी लाळेने मऊ झालेली किती टोस्टे, मध्यभागी एकच चावा घेतलेली किती सफरचंदे आणि मिठाविना किती खिचडी खाल्ली असेल याचा अंदाज माझ्या पट्ट्याच्या भोकांवरून येतो. परवा मी नापासांची फळी एकदाची रिकामी करायला घेतली. राजगिऱ्याच्या गोळ्यांचा डबा खाली काढला, तर तो जवळजवळ रिकामा. डब्यावर ‘बारा महिन्यांवरील बालकांसाठी’ असे लिहिलेले आणि तळाशी जेमतेम मूठभर गोळ्या. मुलांनी तर त्याला हात लावलेला नव्हता. मी डबा हातात घेऊन उभा राहिलो, तेवढ्यात आई देवघरातून बाहेर आली. तिची कवळी गेले तीन आठवडे दुरुस्तीला आहे.

“ते दुधात छान भिजतं रे,” ती म्हणाली. “दुकानात गेलास तर अजून एक आण. आणि पाठ वाचत बसू नकोस, मी वाचली आहे.”