मागची सीट

भाची आणि जावई मोटारसायकलवरून पोर्तुगालला जाऊन आले. एमपी ०९ ची पाटी लावलेली ती गाडी हल्ली इंदूरला सुदामानगरात आमच्या गल्लीतल्या निंबाखाली उभी असते, आणि येणारा-जाणारा जावयाला तेच तीन प्रश्न विचारतो. गाडी किती सीसीची, ॲव्हरेज किती दिलं, पंक्चरं किती झाली. भाचीला कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर, "कंटाळा नाही का गं आला, नुसतं मागे बसून?"

हे 'नुसतं' मला झोंबलं, कारण मीही उभा जन्म नुसती मागेच बसले आहे. स्कूटरवर, साडीत, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. उजवा हात ह्यांच्या खांद्यावर, डावा मागच्या स्टेपनीला, मांडीवर पिशवी, आणि पुढे हँडलच्या मागे उभा केलेला मुलगा पडत तर नाही ना, यावर एक डोळा. भंवरकुव्याच्या चौकात ब्रेक लागला की पिशवीतली कोथिंबीर आधी सावरायची की स्वतःला, हा निर्णय क्षणात घ्यावा लागे. वळणावर चालवणाऱ्याबरोबर झुकायचं असतं. नवखा मागे बसणारा घाबरून उलट्या बाजूला झुकतो आणि गाडी डगमगली की शिव्या चालवणारा खातो.

सरकारला मात्र आमची कदर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मागची सीट असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, म्हणजे कपडे त्यात अडकणार नाहीत. तोच आपला साडी गार्ड. जावयाने निघण्यापूर्वी तो काढून तिथे ॲल्युमिनियमच्या पेट्या लावल्या. ह्यांना ते मुळीच पटलं नाही. "अहो, ओढणी-बिढणी अडकली तर?" समोर भाची, कोपरं-खांद्यांत चिलखत शिवलेल्या जाकिटात, घामाने भिजून उभी.

गाडी मुंबईहून बोटीने दुबईला गेली, शारजाहून पुन्हा बोटीने इराणच्या बंदर अब्बासला. (वाघा सीमेवरून पाकिस्तानातून सरळ निघता आलं असतं तर दोन्ही बोटी वाचल्या असत्या, पण ते जाऊ द्या.) तिथून शिराज, इस्फहान, तब्रीझ आणि मग तुर्कस्तान. इथे मागच्या सीटचं खातं सुरू होतं, ते म्हणजे कागद. गाडीचाही एक पासपोर्ट असतो, त्याला कार्ने म्हणतात. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक भाग कस्टमवाले फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि उरलेल्या तिसऱ्यावर दोन्ही शिक्के आपल्याजवळ राहतात. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी तुम्ही तिथेच विकली, आणि तिची ड्युटी तुमच्या बोकांडी. ते चोपडं भाचीने पाच महिने पोटाला बांधून वागवलं. इराणच्या बाझर्गान नाक्यावर ती अडीच तास रांगेत होती. खिडकीबाहेर बर्फाने माखलेला अरारात, ५,१३७ मीटरचा, आणि हिचं सगळं लक्ष त्या अंगठ्याएवढ्या शिक्क्यावर.

दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र होतं. तिसऱ्या दिवशी ते बंद करून ठेवलं. लग्न टिकवायचं असेल तर दिवसाचे आठ तास एकमेकांच्या कानात बोलू नये, असं भाचीचं मत पडलं. मग मांडीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चहा. आणि त्याने ब्रेक मारला की हिचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्‌कन आपटणार. त्या टक्‌च्या आवाजावरून त्याचा मूड कळायचा, म्हणते.

पण मला तिची खरी गंमत कळली ती फोटो बघताना. मागे बसणाऱ्याला समोर दिसतं काय? हेल्मेटची पाठ. जग दिसतं ते कडेचं. इराणात रस्त्याच्या कडेला गालिचा अंथरून, थर्मास मांडून बसलेली अख्खी कुटुंबं तिने पाहिली. एका आजीने हात हलवला तर हिने किलोमीटरभर हात खाली केला नाही. जावई म्हणाला, "मला तर पता पण नाही. मी ट्रकांची हवा सांभाळून राहिलो होतो ना." त्याच्याकडे वाऱ्याच्या, खडीच्या, गोल चौकांत सांडलेल्या डिझेलच्या आठवणी आहेत. सीट एक, रस्ता एक, आणि घरी आले ते दोन निरनिराळे प्रवास घेऊन.

इस्तंबूलला बॉस्फरसच्या सामुद्रधुनीवर १९७३ साली झालेला पूल आहे. त्यावरून जाताना केव्हातरी पुढचं चाक युरोपात आणि मागचं आशियात असणार. "तेवढ्यापुरता नवरा परदेशात आणि मी आपली घरच्या खंडात," असं भाची सांगते आणि स्वतःच हसते.

परवा सकाळी सगळे पोहे खायला जमलो होतो. मला आमची मांडूची सहल आठवली. लग्नानंतरचा पहिला हिवाळा, स्कूटरवर इंदूरहून धारमार्गे शंभरेक किलोमीटर. मांडूत एक भिल्ल म्हातारी गोरखचिंचेची फळं घेऊन बसली होती. वरून मखमली, हिरवट राखाडी, फोडली की आत पांढरा, पिठूळ, आंबटसर गर. तिकडे तिला खुरासानी इमली म्हणतात. झाड मूळ आफ्रिकेचं, नाव इराणचं. मी एक फळ पदरात बांधून आणलं होतं.

ह्यांना म्हटलं, "मांडूची ट्रिप आठवते?"

"आठवते म्हणजे! धारला क्लच वायर तुटली. बारा रुपये घेतले त्याने."

"आणि चिंच?"

"कोणती चिंच?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग लिस्बनपर्यंत जाऊन आलेली, झाकण चेपलेली, पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याची डबी तिने माझ्या बशीकडे सरकवली.