मिळकत पत्रिकेवरचे नाव

आज नगर भूमापन कार्यालयातून आमच्या इमारतीची मिळकत पत्रिका मिळाली. तिच्यावर धारक म्हणून आमच्या गृहनिर्माण संस्थेचे नाव नाही; १९८६ साली बाबांनी हा फ्लॅट घेतला त्याच्या आधीपासून ज्या मूळ जमीनमालकाचे नाव होते, तेच अजून आहे.

घरी येऊन बाबांची फाईल उघडली. करारनाम्याच्या प्रत्येक पानावर त्यांची सही आहे आणि शेवटच्या पानाला हप्त्यांच्या पावत्या टाचणीने टोचलेल्या आहेत. त्या टाचणीचा गंज आता कागदात उतरला आहे. ‘आता स्वतःचं घर झालं’ असे ते म्हणत, आणि ते खोटे होते असे मला आजही म्हणवत नाही. मात्र त्या पैशांत नेमके काय आपले झाले, हे आम्ही इतक्या वर्षांत कधी पाहिलेच नाही.

फाईलमध्ये संस्थेचे भाग प्रमाणपत्रही आहे : प्रत्येकी ५० रुपयांचे पाच भाग. कायद्याने पाहता माझ्याकडे आहेत ते हे भाग आणि त्यांच्याबरोबर येणारा फ्लॅटचा ताबा. जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची जबाबदारी बिल्डरची होती. १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखालील नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. आमच्या बिल्डरने ते केले नाही, आणि आम्हीही घरपट्टी आपण भरतो म्हणजे घर आपलेच, अशा समजुतीत राहिलो. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, वाढीव चटईक्षेत्र कोणाचे हा प्रश्न निघाला, तेव्हा जाग आली. २००८ च्या दुरुस्तीमुळे आता मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने करून दिले नाही तरी जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी, संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, हा मोठाच आधार आहे.

पण दिवसभर मनात घोळत राहिले ते वेगळेच. हे सारे पार पडले तरी पत्रिकेवर माझे नाव येणार नाही, संस्थेचे येईल; म्हणजे माझ्या पायाखालच्या जमिनीवर माझा हक्क राहणार तो शेजाऱ्यांसकट, आणि त्यांत आमच्या न्हाणीघराची ओल छतात उतरल्यापासून ज्यांच्याशी आम्ही बोललेलो नाही, ते खालच्या फ्लॅटमधले काकाही आले.

रविवारच्या सभेत अर्जाचा ठराव मांडायचा आहे. त्याची सूचना घेऊन संध्याकाळी मी स्वतः त्यांच्याकडे गेले. काकांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, मला बसायला सांगितले आणि स्वतःचा करारनामा शोधायला आत गेले.