पदवीनंतर लष्करी अधिकारी व्हायचंय? आधी वयाचा हिशेब मांडा

बारावीत एनडीए हुकली म्हणजे वर्दी हुकली, असं अजूनही बऱ्याच घरांत धरून चालतात. प्रत्यक्षात पदवीनंतर अधिकारी होण्याच्या वाटा वाढतात. मुलं अडतात ती दुसऱ्याच दोन ठिकाणी. आपल्या पदवीला आणि वयाला कुठली एंट्री बसते, हे वेळेत बघत नाहीत. आणि सगळा जोर लेखी परीक्षेवर लावून एसएसबीकडे, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या निवड चाचणीकडे, ‘मुलाखतीचं नंतर बघू’ म्हणून काणाडोळा करतात.

वय अर्जाच्या दिवशी मोजत नाहीत, कोर्स सुरू होण्याच्या तारखेला मोजतात. सीडीएस या पदवीधरांसाठीच्या यूपीएससी परीक्षेतून डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत, म्हणजे आयएमएत जायचं तर मर्यादा १९ ते २४. जाहिरात निघाल्यापासून कोर्स सुरू होईपर्यंत साधारण वर्ष जातं. म्हणजे अर्ज भरताना तेविसावं वर्ष उलटून गेलं असेल, तर आयएमए जवळपास हातची गेलेली असते. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीला, म्हणजे ओटीएला २५ पर्यंत सवड आहे. हवाई दलाच्या एएफकॅट या प्रवेश परीक्षेत फ्लाइंगला २० ते २४, ग्राउंड ड्यूटीला २० ते २६. इंजिनिअरांसाठीच्या टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) आणि एसएससी टेक (शॉर्ट सर्व्हिस कमिशन, टेक्निकल) या दोन्ही एंट्री २० ते २७, आणि कायद्याच्या पदवीवर मिळणारी जॅग (लष्कराची कायदा शाखा) २१ ते २७. जाहिरातीत बहुतेकदा ‘अमुक तारखेआधी जन्मलेला नसावा आणि तमुक तारखेनंतर जन्मलेला नसावा’ अशी भाषा असते. त्या दोन तारखा दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या जन्मतारखेशी ताडून बघा. दहावीचंच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. आधारवर वेगळी तारीख असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आता वाटा. यूपीएससीची सीडीएस वर्षातून दोनदा होते. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित, प्रत्येकी १०० गुण आणि दोन तास. गणित दहावीच्या पातळीचं. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापतात. फक्त ओटीए हवी असेल तर गणिताचा पेपर द्यावाच लागत नाही. कला आणि वाणिज्यची बरीच मुलं तेवढ्यासाठी ओटीएकडे वळतात आणि त्यात काही गैर नाही. मुलींसाठीही सीडीएसमधून ओटीएची वाट आहे. केरळमधल्या एळिमलाच्या नौदल अकॅडमीला इंजिनिअरिंगची पदवी लागते. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, नाहीतर इंजिनिअरिंगची पदवी.

एनसीसी स्पेशल एंट्री ही सगळ्यांत दुर्लक्षित वाट. ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ ग्रेडसह आणि पदवीला ५० टक्के असतील तर लेखी परीक्षाच नाही, थेट एसएसबी. कॉलेजात परेडला घाम गाळलेल्या कितीतरी मुलामुलींना हे तृतीय वर्ष संपल्यावर कळतं. टीजीसी आणि एसएससी टेकलाही लेखी नाही. गुणांच्या टक्केवारीवर शाखेनुसार कट-ऑफ लागतो. शेवटच्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचे सहाव्या सेमिस्टरपर्यंतचे एकत्रित गुण धरतात. म्हणून ‘पहिलं वर्ष कसंही काढू, नंतर भरून काढू’ हा हिशेब इथे महागात पडतो.

इंजिनिअरांचा अर्ज आणखी एका ठिकाणी अडकतो, ते म्हणजे शाखेचं नाव. जाहिरातीत शाखांची आणि त्यांच्या समकक्ष नावांची यादी असते. तुमच्या पदवीवरचं नाव त्या यादीत शब्दाला शब्द सापडायला हवं. अलीकडे विद्यापीठांनी एआय, डेटा सायन्स जोडून नवनवी नावं काढलीत, त्यामुळे ‘शेवटी कॉम्प्युटरच की’ असं गृहीत धरू नका. विद्यापीठ सीजीपीए देत असेल तर टक्केवारीत बदलण्याचं अधिकृत सूत्र विद्यापीठाच्या शिक्क्यासह आणून ठेवा. आणि आपल्याकडची खास अडचण: महाराष्ट्र बोर्डाच्या कागदांवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, पदवीवर मध्येच आईचं नाव. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरा.

सीडीएसची लेखी पास होऊनही एसएसबीचं बोलावणं न येण्याचं एक साधं कारण असतं. ज्यांनी पहिली पसंती आर्मीला दिली आहे त्यांनी निकालानंतर दोन आठवड्यांत सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर पुन्हा नोंदणी करायची असते. यूपीएससीचा अर्ज भरला म्हणजे झालं, असं समजून मुलं थांबतात आणि मुदत निघून जाते.

आता एसएसबी. गुणांकडे बघा म्हणजे तिचं वजन कळेल. आयएमएसाठी लेखीला ३०० आणि एसएसबीला ३००. ओटीएसाठी २०० आणि २००. एनसीसी आणि टीजीसीसारख्या एंट्रीत तर गुणवत्ता यादी एसएसबीच्याच गुणांवर लागते. तरी वर्षभर पुस्तकं आणि एसएसबीला शेवटचे दहा दिवस, अशीच वाटणी बहुतेक जण करतात.

आर्मीची निवड केंद्रं प्रयागराज, भोपाळ, बेंगळुरू आणि जालंधरला आहेत. प्रक्रिया पाच दिवसांची. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग होतं आणि त्यातच बहुतेक तुकड्या निम्म्याहून खाली येतात. आधी बुद्धिमत्ता चाचणी, शाब्दिक आणि आकृत्यांची. मग पीपीडीटी: एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, एका मिनिटात पात्रांचं वय, लिंग आणि मनःस्थिती टिपायची, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. नंतर गटात प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. गाडी रुळावरून घसरते ती इथे. पंधरा जण एकदम ओरडायला लागतात आणि आपणही आवाज चढवला नाही तर दिसणारच नाही, असं वाटतं. आवाज चढवून दिसता, पण नको तसे. गोंगाटात दोन वेळा नेमकं बोललेलं, दुसऱ्याची बरी कल्पना उचलून पुढे नेलेलं, मूल्यमापन करणाऱ्यांना दिसतं. स्वतःची गोष्ट मात्र एका मिनिटात, न अडखळता सांगता आली पाहिजे. त्याचा सराव घरी घड्याळ लावून करता येतो.

दुसरा दिवस मानसशास्त्रीय चाचण्यांचा, आणि इथे वेळच तुम्हाला उघडं पाडते. टीएटीमध्ये चित्र बघून गोष्ट लिहायची: ११ चित्रं आणि एक कोरी पाटी, प्रत्येकी चार मिनिटं. डब्ल्यूएटीमध्ये शब्द बघून सुचेल ते वाक्य लिहायचं: ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद. एसआरटीमध्ये दिलेल्या प्रसंगात काय कराल ते लिहायचं: ६० प्रसंग, ३० मिनिटं. शेवटी स्वतःबद्दल पाच परिच्छेद १५ मिनिटांत: आई-वडील, शिक्षक आणि मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात, तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटतं, आणि पुढे काय व्हायचंय.

क्लासवाल्यांच्या छापील गोष्टींचं इथे हसं होतं. चित्र कुठलंही असो, नायक गावात पूर आल्यावर शंभर जणांना वाचवतो आणि शेवटी त्याला शौर्यपदक मिळतं. मानसशास्त्रज्ञाने अशा गोष्टी हजारांनी वाचलेल्या असतात. चित्रात जे दिसतंय त्यावरून सुरुवात करा. नायक तुमच्याच वयाचा, तुमच्यासारखा असू द्या, अडचण त्याच्या आवाक्यातली असू द्या आणि त्याने काय केलं ते पायरीपायरीने लिहा. डब्ल्यूएटीमध्ये ‘आपण प्रामाणिक असावे’ छापाची सुविचारवाक्यं टाळा. त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. एसआरटीत प्रसंग वाचायला आणि उत्तर लिहायला मिळून अर्धं मिनिट असतं, त्यामुळे पूर्ण वाक्याचा हट्ट सोडा. ‘प्रथमोपचार केले, रुग्णवाहिका बोलावली, घरच्यांना कळवून परीक्षेला पोहोचला’ एवढं पुरतं. फक्त प्रसंग शेवटापर्यंत न्या. अपघातग्रस्ताला दवाखान्यात पोहोचवलं आणि मूळचं काम तसंच राहिलं, अशी अर्धी उत्तरं फार येतात.

पुढचे दोन दिवस जीटीओच्या, म्हणजे गटाची कामं घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मैदानावर. गटचर्चा, नकाशावरचं नियोजन, फळ्या-दोरीने अडथळे ओलांडण्याची कामं, तीन मिनिटांचं भाषण, वैयक्तिक अडथळे, आणि कमांड टास्क, म्हणजे स्वतः नेता होऊन सोबत्यांकडून काम करून घेणं. लाल रंग लावलेल्या भागाला कुणीही, कशानेही स्पर्श करायचा नाही, आणि चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून पार करायचं नाही, हे नियम सुरुवातीलाच सांगतात. ऐन भरात मुलं ते विसरतात. वैयक्तिक अडथळे दहा, वेळ तीन मिनिटं, आणि अवघडपणानुसार प्रत्येकाला १ ते १० गुण. सुरुवातीलाच सर्वांत जास्त गुणांच्या अडथळ्यावर दम संपवण्यापेक्षा जवळजवळचे पटापट उरकत जाण्याचा क्रम मैदान दाखवतात तेव्हाच मनात ठरवा. कमांड टास्कला सोबती निवडताना मित्र निवडू नका. ज्याला गेल्या दोन दिवसांत काम समजून हात चालवताना पाहिलंत, त्याला घ्या.

मुलाखत या सगळ्याच्या अधेमधे कधीही लागते आणि ती पीआयक्यू नावाच्या माहितीपत्रावर उभी असते. पहिल्या दिवशी घाईत भरलेल्या या कागदावर ‘छंद: वाचन’ लिहिलं, की शेवटचं पुस्तक कुठलं, त्यात काय पटलं नाही, त्याआधीचं कुठलं, ही साखळी सुरू होते. मुलाखत घेणारे एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतात: दहावीपासूनचे गुण, आवडते आणि नावडते शिक्षक, मित्र, सुट्टीत काय करता. सगळे लक्षात नाही राहिले तरी चालतं. आठवतील त्या क्रमाने बोला आणि राहिलेलं सरळ विचारून घ्या. जिल्ह्याची माहिती मात्र हवी: धरणं, पिकं, उद्योग, तिथला ताजा प्रश्न. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीला घाबरून गप्प बसतात. साधं, तुटक पण स्पष्ट इंग्रजी चालतं, मौन चालत नाही.

एसएसबीची तयारी महागड्या क्लासमध्येच होते, असं नाही. नाशिक रोडला राज्य सरकारच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएसची लेखी पास झालेल्या, एनसीसीच्या किंवा टीजीसीचं बोलावणं आलेल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांना तिथे एसएसबीचं प्रशिक्षण राहण्या-जेवणासह मोफत मिळतं. प्रवेशासाठी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायची. जागा मर्यादित असतात, तेव्हा निकाल लागताच जा.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या परीक्षकांसमोर शेवटची छोटी भेट, आणि निकाल. नाव पुकारलं गेलं तर तिथूनच वैद्यकीय तपासणीचं बघावं लागतं, आणि इथे तयार माणसं फालतू कारणांनी अडकतात. कानातला मळ, जास्तीचं वजन, किडलेले दात (दातांच्या स्थितीला गुण देतात, असे किमान १४ डेंटल पॉइंट लागतात), नाकातला वाकडा पडदा. एसएसबीच्या दोन-तीन महिने आधी डोळे, कान-नाक-घसा आणि दात यांची तपासणी करून घ्या, म्हणजे शस्त्रक्रिया करायची झालीच तर भरून यायला वेळ राहतो. लेसिक केलेल्यांनी शस्त्रक्रियेची तारीख असलेले कागद जपावेत. वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी केलेली चालत नाही आणि तपासणीपर्यंत बारा महिने उलटलेले असावे लागतात. टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत किंवा तळहाताच्या मागे चालतो. इतरत्र असेल तर जाहिरातीतले नियम आधी वाचा. तात्पुरतं अपात्र ठरवलं तर अपील मेडिकल बोर्डाकडे जाता येतं. त्यासाठी साधारण ४२ दिवस असतात आणि ते बघता बघता संपतात.

वैद्यकीय पास झालं तरी जागा नक्की नसते. जागांइतकीच नावं गुणवत्ता यादीतून वर उचलतात. त्यामुळे एसएसबीने रेकमेंड केल्यावर, म्हणजे शिफारस केल्यावर, लगेच नोकरी सोडू नका, जॉइनिंग लेटर येईपर्यंत थांबा. तेवढ्यात पळायला मात्र लागा. टीजीसीसारख्या जाहिरातींत प्रशिक्षणाआधीची अपेक्षा स्पष्ट लिहिलेली असते: २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत, ४० पुश-अप, ३० सिट-अप, ६ पुल-अप, शिवाय पोहण्याची तोंडओळख. पत्र आल्यावर धावायला सुरुवात करणाऱ्यांच्या नडग्या अकॅडमीत दुखायला लागतात, कधी हाडाला सूक्ष्म भेग पडते, आणि प्रशिक्षणाचे दिवस बुडाले की पुढच्या टर्मला ढकललं जातं. आयएमएचा थेट प्रवेशाचा कोर्स १८ महिन्यांचा, ओटीएचा ४९ आठवड्यांचा. प्रशिक्षणात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. मध्येच स्वतःहून सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल करतात, तेव्हा ओटीएतून मिळणारं शॉर्ट सर्व्हिस कमिशन म्हणजे आधी दहा वर्षं आणि पुढे वाढवलं तर आणखी चार, हे घरी बसून नीट बोलून घ्या आणि मगच सही करा.