तेविसावं घर

गावाचं नाव सांगत नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं आहे, एवढं पुरे.

मधुमेहाचा मनावरचा ताण आणि गोळ्या चुकवणं यांचा काही संबंध लागतो का, हे आम्ही तिथे घरोघर फिरून विचारलं होतं. लेख घेण्याआधी नियतकालिकाची अट होती की प्रश्नावली, आकडेमोडीचा कोड आणि मूळ डेटा कुणालाही बघता येईल असा ठेवा. मला ती मनापासून पटलेली. ब्रिटनमधल्या ‘पेस’ चाचणीचं उदाहरण मी वर्गात दरवर्षी देते. दीर्घकालीन थकव्याचे 641 रुग्ण, 2011 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख. डेटा मागितला तर चाचणी करणारं विद्यापीठ म्हणालं, रुग्ण ओळखू येतील. 2016 मध्ये न्यायाधिकरणाने ते मानलं नाही. डेटा बाहेर आला आणि चाचणीआधी ठरवलेले मूळ निकष लावल्यावर बऱ्या झालेल्यांचं प्रमाण बरंच खाली उतरलं. गोपनीयता ही पळवाट असते, असं मी वर ठोकून द्यायचे.

अपलोड करायच्या दिवशी आमच्याबरोबर गावात फिरलेल्या नर्सताई प्रवासखर्चाच्या कागदावर सही करायला आल्या होत्या. नावं, फोन नंबर मी कधीच काढून टाकले होते. स्क्रीनकडे सहज बघत ताईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“हो आमचो पोदेर न्हय?”

पुरुष, 61 वर्षे, पाव विकणं, उजव्या पायाचा अंगठा काढलेला. (धंदा, वय आणि पाय, तिन्ही मी इथे बदललेत.) गावात असा एकच माणूस. त्याच ओळीत उजवीकडे पीएचक्यू-9 ची, म्हणजे नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांची, उत्तरं होती. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याच्यापुढे ‘बरेच दिवस’. त्याला आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं होतं, पण बायकोला सांगू नका म्हणून त्याने हात जोडले होते. आणि मी ती ओळ जगासमोर ठेवायला निघाले होते, पारदर्शकतेच्या नावाने!

माझा हात माउसवरून निघाला.

दुपार त्यातच गेली. वयाचे दहा-दहा वर्षांचे गट केले. धंद्याचा रकाना उडवला, गावाच्या जागी तालुका घातला, तारखा काढल्या, अवयव काढल्याची नोंद ‘गुंतागुंत आहे/नाही’ एवढीच ठेवली. मग त्या पुसट डेटावर मुख्य गणित पुन्हा चालवलं. निष्कर्ष हलला नाही. संपूर्ण डेटा मात्र नीतिमत्ता समितीकडे अर्ज करणाऱ्यालाच मिळेल, आणि तो उघडा का नाही, हे लेखातच लिहिलं. पारदर्शकतेच्या नियमांत अशा अपवादाला जागा असते, फक्त तो लपवायचा नसतो.

“आता शोधा बघू,” ताईंना म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. दोन मिनिटं गेली असतील. “तेवीस नंबर. तोच.”

“कसं काय?”

“देवळाकडून सुरू केलं होतं ना आपण? तेविसावं घर त्याचंच.”

अनुक्रमांक! ज्या क्रमाने घरं घेतली, त्याच क्रमाने ओळी बसलेल्या. माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. सगळ्या ओळी पिसल्या, नवे क्रमांक दिले आणि स्क्रीन पुन्हा ताईंकडे वळवला. बराच वेळ त्या खालीवर करत राहिल्या. मग चष्मा डबीत ठेवून म्हणाल्या, “सोडा, माझी साडेपाचची कदंब बस चुकेल.”