डॉक्टर, दवाखाना कधी बंद करणार?

दिवाळी अंकात माझी एखादी कथा छापून आली, की ओळखीतले कोणी ना कोणी विचारतेच, "डॉक्टर, आता दवाखाना बंद करून पूर्णवेळ का लिहीत नाही? तो ए. जे. क्रोनिन नव्हता का?" आता तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाचे सविस्तर सांगतो.

क्रोनिन हा डॉक्टरकी सुटल्यावर कादंबरीकार म्हणून गाजलेला स्कॉटिश लेखक. पण त्याने दवाखाना लेखनासाठी सोडला नव्हता. पोटाच्या दुखण्याने तो सुटला. १८९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या कार्ड्रॉस येथे जन्मलेल्या आणि लहानपणीच क्षयाने वडील गमावलेल्या या मुलाने शिष्यवृत्तीवर ग्लासगो विद्यापीठात वैद्यक शिकून १९१९ मध्ये पदवी घेतली. दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणींच्या गावांत तीनेक वर्षे काढल्यावर १९२४ मध्ये तो खाणींचा वैद्यकीय निरीक्षक झाला आणि कोळशाच्या धुळीने फुप्फुसांचे काय होते, याचा अभ्यास करू लागला. पुढे लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये त्याची प्रॅक्टिस उत्तम चालली असताना १९३० मध्ये ड्युओडिनल अल्सरचे, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणाचे, निदान झाले आणि दुधाच्या पथ्यावर सहा महिन्यांची सक्तीची विश्रांती नशिबी आली. स्कॉटलंडमधल्या लॉक फाइन या खाडीच्या काठी, शेतावरच्या एका घरात त्याने 'हॅटर्स कॅसल' ही पहिली कादंबरी तीन महिन्यांत लिहून काढली. १९३१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि तुफान खपली. अर्ध्यावर कंटाळून आपण हस्तलिखित राखेच्या ढिगावर फेकले होते आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या बोलण्याने ओशाळून ते परत उचलले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. कादंबरीकाराची आठवण असल्यामुळे मी ती थोडे हातचे राखून वाचतो.

मला मात्र महत्त्वाची वाटते ती १९३७ ची 'द सिटाडेल'. (१९७१ चा हिंदी चित्रपट 'तेरे मेरे सपने' तिच्यावरच बेतलेला आहे, हे सांगितले की अनेकांना ओळख पटते.) तिच्यातला तरुण डॉक्टर मॅन्सन विषमज्वर पसरवणारे गटार सुरुंगाने उडवून देतो, हा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो, पण मला त्याहून अस्सल वाटतो तो दाखल्याचा प्रसंग. धडधाकट खाणकामगार आजारपणाचा दाखला मागतो, मॅन्सन नकार देतो, आणि तो माणूस त्याच्याकडे नोंदवलेले आपले रुग्ण-कार्ड काढून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. कार्ड गेले की डॉक्टरचे तेवढे उत्पन्न गेले. माझ्याकडे कार्डे नाहीत, परंतु ताप नसताना तापाचा दाखला मागणारे आठवड्याला दोघे-तिघे येतात, आणि नकार मिळालेला रुग्ण पुन्हा फिरकत नाही. हे घरी बसून सुचणारे नाही.

क्रोनिन दक्षिण वेल्समधल्या ट्रेडेगर गावी ज्या मेडिकल एड सोसायटीत नोकरीला होता, तिच्यासाठी कामगार आपल्या पगारातून वर्गणी देत आणि त्या बदल्यात त्यांना व त्यांच्या कुटुंबांना उपचार मिळत. त्याच गावचा खाणकामगार अन्युरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करताना हाच नमुना त्याच्यासमोर होता. त्या सेवेचे श्रेय काही जण या कादंबरीलाही देतात, ते मला अतिशयोक्त वाटते. तिच्यात अशा सोसायटीचे कौतुक थोडे आणि वाभाडेच अधिक आहेत: मुख्य डॉक्टर सहायकांच्या पगारातला हिस्सा खातो आणि समितीतली माणसे संशोधनात खोडा घालतात. खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या लंडनच्या बड्या डॉक्टरांनाही क्रोनिन सोडत नाही. आत राहून पाहिलेल्या माणसाची ही तक्रार आहे, आणि म्हणूनच तिला वजन आहे.

दवाखाना सुटल्यावर क्रोनिन पन्नास वर्षे जगला. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. या काळात त्याने पुष्कळ लिहिले, तरी माझ्या मते त्याची सर्वांत जिवंत पाने आधीच्या दहा-अकरा वर्षांत पाहिलेल्या माणसांची आहेत. त्याला सुरुवातीलाच खाणीसारखी खाण मिळाली होती. माझी शिदोरी लहान आहे आणि ती रोज संध्याकाळी थोडी थोडी भरते, त्यामुळे ते दार बंद करण्याची माझी हिंमत नाही. शिवाय माझे पोट सध्या उत्तम आहे. दवाखान्याची वेळ पूर्वीचीच, पाच ते नऊ, गुरुवारी बंद.