आयमाउथच्या बंदरावर

रविवार, रात्री

बॅरोमीटरचा (हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्राचा) पारा खाली, म्हणजे वादळाची खूण असूनही स्कॉटलंडमधल्या आयमाउथचे मच्छीमार १८८१ साली समुद्रात गेले, म्हणजे ते बेफिकीर होते, असं त्यांच्याबद्दल बोललं जातं. आज गाव पाहून आल्यावर मला हे फार अन्यायाचं वाटतंय.

१४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवार. त्याआधी कित्येक दिवस हवा खराब, शिडाच्या होड्या बंदरातच. त्या सकाळी समुद्र शांत झाला. बॅरोमीटर वाईट सांगत होता, तो त्यांनी पाहिलाही होता. पण घरोघरी दोऱ्या तयार होत्या. हॅडॉक मासे पकडायला शेकडो गळांची लांब दोरी लागायची. बायका-मुलांनी शिंपले फोडायचे, एकेका गळाला आमिष लावायचं, आणि दोरी गुंतणार नाही अशी टोपलीत रचायची. आमिष नासलं की सगळे कष्ट वाया. त्यात इतके दिवस कमाई नाही. निघाले बिचारे.

दुपारच्या सुमाराला वादळ आलं. या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार गेले, त्यातले १२९ एकट्या आयमाउथचे. परतू पाहणाऱ्या काही होड्या बंदराच्या तोंडाशी हरकार खडकांवर फुटल्या, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. आज त्या खडकांकडे बघत बराच वेळ उभी राहिले. किती जवळ आहेत ते!

बंदराचं तोंड अरुंद आणि धोक्याचं होतं, हे गावाला आधीपासून माहीत होतं. मग ते वेळेवर सुधारलं का नाही? त्याचं एक उत्तर इथल्या विल्यम स्पीअर्स या मच्छीमाराच्या गोष्टीत आहे. चर्च इथल्या मासळीवर दशांश, म्हणजे दहावा हिस्सा मागायचं. स्पीअर्सने त्याविरुद्ध गाव उभं केलं, आणि अखेर पैसे मोजून ती वसुली कायमची मिटवावी लागली. त्यासाठी झालेल्या कर्जाखाली गाव दबल्यामुळे बंदराचं काम लांबलं, असं इथला इतिहास लिहिणारे सांगतात. मला ते पटतं. बॅरोमीटरची गोष्ट सांगताना दशांशाचीही सांगायला हवी.

समुद्रासमोर जिल वॉटसन यांचं ब्राँझचं शिल्प आहे, पाण्याकडे पाहणाऱ्या विधवांचं आणि लेकरांचं. बुडालेल्या होड्या न दाखवता त्यांनी ही माणसं घडवली, हे मला फार योग्य वाटलं. गळांना आमिष लावणारे हात यांचेच होते, आणि त्या दिवसानंतर घर चालवायची वेळही यांच्यावरच आली.