की बरोबर होती, कॉलम तोकडा होता

लारावेल (पीएचपीत वेबसाइट बनवायची चौकट) मध्ये डिक्रिप्शनचा, म्हणजे गुप्त करून साठवलेला मजकूर उलगडण्याचा, एरर आला की जो तो म्हणतो, ‘की (उलगडायची किल्ली) बदलली असेल.’ होस्टिंगच्या सपोर्टने मलाही तेच ऐकवलं. तिकीट दर वेळी नव्या माणसाकडे, उत्तर मात्र जुनंच. एररची ओळ वाचायला काय जातं? की चुकीची असेल तर ‘मॅक इनव्हॅलिड’ येतं (मॅक म्हणजे मजकुरात फेरफार झाला नाही ना, हे तपासायची खूण). इथे येत होतं ‘पेलोड इनव्हॅलिड’, म्हणजे गाडी कीपर्यंत पोचतच नव्हती, साठवलेला मजकूरच मोडका होता. शिवाय की बदलली असती तर आधीचे सगळेच रेकॉर्ड अडले असते. अडत होते फक्त काही पत्ते, तेही मराठीत भरलेले.

गोम इथे होती: कॉलम व्हारकॅर २५५, म्हणजे डेटाबेसमध्ये जास्तीत जास्त २५५ अक्षरांची जागा. लारावेल आयव्ही (एन्क्रिप्शन सुरू करायला दर वेळी घेतलेले नवे बाइट), एन्क्रिप्ट केलेला मजकूर (व्हॅल्यू) आणि मॅक यांचं जेसन (नाव-किंमत अशी मांडणी) करून ते बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, ठेवतं. एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचा ब्लॉक १६ बाइटचा, म्हणून सीबीसी या तिच्या प्रकारात लांबी टप्प्याटप्प्याने वाढते: मूळ मजकूर १५ बाइटपर्यंत असेल तर २०० अक्षरं, ३१ पर्यंत २२८, ४७ पर्यंत २५६, ६३ पर्यंत २८८. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं अक्षर ३ बाइट खातं; काना, मात्रा, पाय मोडण्याचं चिन्ह, प्रत्येकाचे वेगळे ३. ‘कोल्हापूर’ २७ बाइट, बसतं. ‘छत्रपती संभाजीनगर’ ४९, बसत नाही. हेच नाव रोमन लिपीत २५ बाइट, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सगळं सुरळीत. २५६ वाले तर आणखी फसवे: त्यांचं शेवटचं एक बरोबरचं चिन्हच कापलं जातं आणि पीएचपी ते चालवून घेतं.

मायएसक्यूएल या डेटाबेसने खरं तर तिथेच अडवायला हवं, ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड (न बसणारी नोंद नाकारणारी सेटिंग) मुळातच चालू असतो. कॉन्फिगमध्ये तो बंद केलेला, म्हणून उरलेला भाग गुपचूप कापला गेला. शोधायला कॅर_लेंग्थवर ग्रुप बाय, म्हणजे लांबीनुसार गट पाडणं, पुरे. बेस६४ ची लांबी नेहमी ४ च्या पटीत असते, त्यामुळे २५५ दिसलं की तो रेकॉर्ड कापलेलाच.

कॉलम टेक्स्ट करा, स्ट्रिक्ट चालू करा. पण त्याने जुने पत्ते परत येत नाहीत, आणि ‘डेटा गेला’ हे सपोर्टचं म्हणणंही खरं नाही. जेसनमध्ये मॅक शेवटाकडे असतो, म्हणून आधी तोच तुटतो. मूळ मजकूर ९५ बाइटपर्यंत असेल तर आयव्ही आणि व्हॅल्यू शाबूत असतात. आधी टेबलचा बॅकअप घ्या. मग हे दोन भाग काढून, लारावेलला वगळून, थेट ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने उघडा. कीच्या सुरुवातीचं ‘बेस६४:’ काढून उरलेलं डीकोड केलं की ३२ बाइट मिळतात. मॅकची तपासणी इथे होत नाही, तेव्हा निघालेले पत्ते डोळ्यांखालून घाला.

हो, आणि परत साठवताना लारावेलच्या क्रिप्टचं एन्क्रिप्टस्ट्रिंग वापरा, नुसतं एन्क्रिप्ट नको. नुसतं एन्क्रिप्ट सीरियलाइझ करतं, म्हणजे मजकुराला त्याचा प्रकार आणि लांबी जोडतं; मग एन्क्रिप्टेड कास्ट या आपोआप उलगडून देणाऱ्या सोयीतून वाचताना पत्त्याच्या आधी ‘एस:४९:’ चिकटून येतं.